आधी ऐकावे, मग बोलावे

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे घर एव्हाना चांगलेच परिचयाचे झाले आहे. त्या घरात यंत्रांचे आणि माझे सख्य नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. मी उघडलेले घड्याळ दुसऱ्या दिवशी घड्याळजीकडे जाते आणि मी दुरुस्त केलेल्या नळाखाली आजही बादली असते. तेव्हा ‘मी संगणकात नेटवर्क कार्ड बसवले’ हे माझे विधान वाचून पुष्कळांना हसू येईल. खुशाल हसा. दिवाळीच्या अंकात हसण्याला बंदी नाही. परंतु कार्ड मीच बसवले, माझ्याच हातांनी बसवले, आणि आज पाच महिने होत आले तरी ते चालू आहे! ते बसवता बसवता आमच्या घरात आणखीही एक गोष्ट जागच्या जागी बसली. खरे म्हणजे तीच सांगण्यासाठी हा खटाटोप.

गोष्ट उन्हाळ्याच्या अखेरची. दहावीचा निकाल लागला होता. आमच्या कन्येला उत्तम गुण मिळाले होते. पेढ्यांचा पुडा अजून पुरता रिकामाही झाला नव्हता, तोच तिने जाहीर केले, “मी आर्ट्सला जाणार. मला मराठी घ्यायचंय.”

आता मी मराठीचा प्राध्यापक. गेली वीस वर्षे मी वर्गात मराठीची थोरवी गात आलो आहे. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, माझी दोन तरी व्याख्याने असतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे मीच वाटले होते. अशा माणसाने मुलीचे ते शब्द ऐकून काय करायला हवे होते? तिला जवळ घ्यायला हवे होते. मी म्हणालो, “वेडी आहेस का?”

ते तीन शब्द सुटले आणि घरात लढाई जुंपली. माझा मुद्दा साधा होता. मुलीचे गणित चांगले, विज्ञान चांगले; घरातला संगणक बिघडला की बारा वर्षांची असल्यापासून तीच तो उघडते. मग सरळ विज्ञान शाखा घ्यावी, पुढे संगणक अभियांत्रिकी करावी आणि पोटापाण्याची चिंता मिटवावी. तिचाही काही मुद्दा असणार. तो काय होता हे मात्र मला सांगता येणार नाही, कारण ती बोलत होती त्याच वेळी मीही बोलत होतो. मी आवाज चढवला की ती चढवी, ती थांबली असे वाटून मी सुरू करावे तर तीही नेमकी त्याच क्षणी सुरू होई. अखेर सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून कढईवर उलथने आपटले. खणकन आवाज झाला, दोघेही गप्प झालो, आणि घरात अबोला सुरू झाला.

तिसऱ्या रात्री वळीव कोसळला. विजा अशा कडाडत होत्या की शेजारच्या वाड्यातली कुत्रीही भुंकायची विसरली. सकाळी पाहतो तो संगणकावरचे इंटरनेट बंद! मोबाईलवर मात्र चालू. आमचा संगणक आठ वर्षांचा म्हातारा. तो आतल्या खोलीत असतो आणि त्याला बिनतारी विद्या अवगत नाही. बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून भिंतीच्या कडेकडेने एक केबल त्याच्यापर्यंत नेलेली आहे. इंटरनेटवाला मुलगा आला, त्याने केबल काढून आपल्या लॅपटॉपला लावून पाहिली आणि निकाल दिला, “काका, लाइन ओके आहे. तुमचं पोर्ट उडालंय.” विजेचा धक्का केबलमधून आला होता. त्याने राउटरच्या चार भोकांपैकी एक आणि संगणकाचे एकुलते एक निकामी केले होते.

इकडे अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला दोनच दिवस उरलेले. “मोबाईलवर भरता येतो हो,” सौभाग्यवती म्हणाल्या. मी ठणकावून सांगितले की आयुष्याचे अर्ज तळहाताएवढ्या पडद्यावर भरायचे नसतात. खरी गोष्ट अशी, की संगणकावर अर्ज भरताना शेजारी खुर्ची टाकून बसता येते आणि ‘शाखा’ या चौकटीवर लक्ष ठेवता येते. मोबाईल घेऊन मुलगी गच्चीवर गेली तर बाप काय करणार?

“आई, बाबांना सांग, नेटवर्क कार्ड आणावं लागेल. आत एक खाच मोकळी आहे.”

“तिला म्हणावं, केवढ्याला पडेल?”

“सातशेच्या आत म्हणावं.”

दोन परक्या जाळ्यांमधले निरोप इकडून तिकडे पोचवणे हे राउटरचे काम. त्या दिवसांत आमच्या घरात दोन राउटर होते, आणि त्यांतला एक पोळ्याही लाटत होता.

संध्याकाळी आम्ही दोघे स्कूटरवरून तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही गल्ली ज्यांनी पाहिली नसेल, त्यांनी एवढेच समजावे की ज्या ज्या वस्तूतून वीज वाहू शकते ती ती वस्तू तेथे मिळते. दुकानदाराने विचारले, “पीसीआय एक्सप्रेस पाहिजे का जुनं पीसीआय?” तोंडी परीक्षेत माझे विद्यार्थी माझ्याकडे जसे पाहतात, तसे मी त्याच्याकडे पाहिले. कन्येने उत्तर दिले. त्याने एक चपटी डबी पुढे केली. आत तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर एक काळी चिप, एका बाजूला केबल खुपसायचे चौकोनी भोक आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ. एवढाच तो जीव! त्यातून सेकंदाला शंभर कोटी बिट जाऊ शकतात म्हणे.

घरी आल्यावर मी डबी तिच्यापुढे ठेवली. ती तिने माझ्याकडे सरकवली आणि चार दिवसांनंतर पहिले वाक्य थेट मला उद्देशून म्हटले.

“तुम्ही बसवा.”

“मी?”

“मला यंत्र उघडता येतं म्हणून मी इंजिनिअर व्हायचं, असंच ना तुमचं म्हणणं? मग आज तुम्ही बसवा. बसलं, तर तुम्ही जा इंजिनिअरिंगला.”

आव्हान दिले की पुरुषाची अक्कल जाते. मी बाह्या सरसावल्या.

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला तर उपयोगी पडावा म्हणून क्रम सांगतो. आधी संगणक रीतसर बंद करायचा, मग भिंतीवरचे बटण बंद करून सगळ्या वायरी काढायच्या. एवढे झाल्यावर संगणकाचे बटण पुन्हा एकदा दाबून धरायचे. मला हे वेडेपणाचे वाटले. पण वायर काढली तरी आत थोडी वीज साठून राहते, ती अशी निघून जाते. त्यानंतर मी उत्साहाने कार्डाला हात घालणार, तोच ती ओरडली, “थांबा! आधी पेटीच्या पत्र्याला हात लावा.”

“का?”

“अंगातली वीज जाऊ द्या.”

थंडीत लोकरी कपडा काढताना तडतड होते, तीच ही वीज. माणसाच्या अंगावर ती हजारो व्होल्टची साठू शकते आणि माणसाला तिचा पत्ताही नसतो. पण चिपला मात्र त्याहून कितीतरी कमी धक्काही पुरतो. मी निमूटपणे पत्र्याला हात लावला. अंगात चार दिवसांचे बरेच काही साठले होते. त्यातले किती गेले कोण जाणे!

बाजूचा पत्रा निघाला. आत आठ वर्षांची धूळ आणि एक दिवंगत झुरळ. मऊ कुंचल्याने सफाई केली. मदरबोर्डवरची मोकळी खाच तिने बोटाने दाखवली, हरभऱ्याच्या घाट्याएवढी लहानशी. तिच्यासमोरची, पेटीच्या मागच्या बाजूची पत्र्याची पट्टी मी स्क्रू काढून दूर केली. आता कार्ड बसवायचे. तर कार्डाला जडवलेली पट्टी लांब आणि आमची पेटी बुटकी!

“डबीत दुसरी आखूड पट्टी असते. ती लावायची,” ती म्हणाली.

डबीत पट्टी नव्हती. नसणारच. वेष्टनाबरोबर आलेला निरर्थक पत्रा म्हणून ती मीच मघाशी केराच्या टोपलीत टाकली होती. टापटिपीचा हा माझा गुण घरात सर्वांना माहीत आहे. मग मराठीचे एक प्राध्यापक कांद्याच्या सालींमध्ये हात घालून पट्टी शोधताहेत आणि त्यांची कन्या तोंडावर ओढणी धरून उभी आहे, असे दृश्य काही काळ होते. पट्टी सापडली. धुऊन पुसून दोन स्क्रूंनी बसवली.

सोनेरी दातांना बोट न लावता मी कार्ड कडेने धरले, खाचेवर टेकवले आणि दाबले. स्क्रू पिळला, पत्रा लावला, केबल खुपसली, बटण दाबले. संगणक सुरू झाला. कार्ड मात्र ढिम्म! त्याच्या पाठीवरचा दिवाही लागेना. पुन्हा सगळे बंद, पुन्हा वायरी काढा, पुन्हा पत्र्याला हात. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, “अर्धवट बसलंय. एक टोक वर आहे. बाबा, तुम्ही घाबरत घाबरत दाबलंत. दोन्ही टोकांना सारखा जोर द्या. मोडत नाही ते.”

मी दोन्ही अंगठे टेकवून सारखा जोर दिला. आत काहीतरी सरकन बसल्याचे हाताला कळले. या वेळी पाठीमागे एक हिरवा दिवा लागला आणि त्याच्या शेजारी एक पिवळा लुकलुकू लागला. सौभाग्यवती टाळ्या वाजवून गेल्या.

पण अजून विघ्न होते. त्या कार्डाशी बोलायची भाषा आमच्या म्हाताऱ्या संगणकाला येत नव्हती. ती शिकवणारा जो मजकूर असतो त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. डबीत त्याची तबकडी होती, पण आमच्या संगणकाला तबकडी वाचता येत नाही. ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवता येतो. परंतु इंटरनेट सुरू व्हायला ड्रायव्हर हवा! विहिरीत उतरायला दोर पाहिजे आणि दोर तर विहिरीतच पडलेला, अशातली गत. कन्येने शांतपणे आपल्या मोबाईलवर तो उतरवून घेतला आणि वायरीने संगणकात सोडला. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. आम्ही दोघे शेजारी शेजारी बसून तिच्याकडे पाहत राहिलो.

काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, “या प्रकाराला इथरनेट का म्हणतात गं?”

ती सांगू लागली. तिने जे सांगितले त्यात मी मागाहून वाचून थोडी भर घातली आहे. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञ असे मानत, की सारे विश्व ‘ईथर’ नावाच्या एका अदृश्य द्रव्याने भरलेले आहे आणि प्रकाशाच्या लाटा त्यातून वाहतात. आपल्या न्याय-वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला, त्याचीच मला आठवण झाली. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी त्या ईथरचा माग काढण्याचा प्रयोग केला. ईथर सापडला नाही आणि पुढे शास्त्राने तो सोडूनच दिला. मग २२ मे १९७३ रोजी अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक एका तारेने जोडण्याच्या आपल्या योजनेचे टिपण लिहिले आणि सर्वांचे बोलणे वाहून नेणाऱ्या त्या तारेला ते टाकलेले नाव दिले. त्यांनी आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती योजना प्रत्यक्षात उतरवली. पुढे याच कामासाठी मेटकाफ यांना २०२२ सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. वस्तू नाहीशी झाली, शब्द मात्र उरला आणि नवे घर करून राहिला! भाषेच्या माणसाला याहून गोड गोष्ट कोणती?

“पण मजा पुढेच आहे,” ती म्हणाली. “तार एकच आणि बोलणारे पुष्कळ. मग गोंधळ होणार नाही का? तर नियम असा, की बोलायच्या आधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर थांबायचं. शांत असेल तर बोलायचं. तरीही दोघं नेमके एकदम बोलले तर टक्कर होते. टक्कर झाली की सगळ्यांना कळेल असा एक खणखणीत इशारा द्यायचा, आणि दोघांनीही गप्प बसायचं.”

स्वयंपाकघरातल्या कढईकडे माझी नजर गेली.

“मग पुन्हा सुरुवात कुणी करायची?”

“तेच तर! दोघं सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर होईल. म्हणून प्रत्येकानं मनाला येईल तितका वेळ थांबायचं. पुन्हा टक्कर झाली तर थांबायची मर्यादा दुप्पट, पुन्हा झाली तर आणखी दुप्पट. सोळा वेळा झालं तरच नाद सोडायचा.”

ही युक्ती आली हवाई बेटांवरून. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारे ‘अलोहा’ हे जाळे १९७१ साली चालू केले होते. उलट पोच आली नाही तर मनाला येईल तितके थांबून पुन्हा बोलावे, ही त्याची रीत. ‘अलोहा’ म्हणजे हवाईच्या लोकांचा नमस्कार. मेटकाफ यांनी त्या जाळ्याचा अभ्यास केला आणि त्याला आधी ऐकण्याच्या शिस्तीची जोड दिली.

“मग आपलं हे कार्डही असंच ऐकून बोलतं?” मी कौतुकाने कार्डाच्या दिव्याकडे पाहिले.

“छे! आता प्रत्येकाला स्वतंत्र तार असते. दोन्हीकडून एकदम बोललं तरी टक्कर होत नाही. बिनतारीला मात्र अजून ऐकून बोलावं लागतं. तिथं हवा सगळ्यांची एकच ना!”

एवढ्यात हिरवी पट्टी टोकाला पोचली. इंटरनेट सुरू झाले. तिने मला कार्डाचा पत्ताही दाखवला. कारखान्यातून निघतानाच प्रत्येक कार्डावर तो कोरलेला असतो. बारा अक्षरे-अंक, पहिले सहा करणाऱ्याचे, उरलेले सहा त्या कार्डाचे.

“म्हणजे अर्धा पत्ता घराण्याचा आणि अर्धा त्याचा स्वतःचा,” ती म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता पडद्याकडे पाहत राहिली.

मी काही बोललो नाही. ऐकू लागलो. थोड्या वेळाने तीच बोलली.

“बाबा, मला कार्ड बसवता येतं. पण बसवून झालं की मी ते विसरते. तुमच्या कपाटातली जुनी पुस्तकं वाचताना मी जेवायचं विसरते. दोन्हींत फरक आहे की नाही? आणि तुम्ही वर्गात सगळ्यांना सांगता, मराठी शिका म्हणून. ती दुसऱ्यांची मुलं आहेत, म्हणून सांगता का?”

उत्तर ओठांवर आले होते. चार दिवसांपूर्वी ते मी फेकलेच असते. या वेळी मी थांबलो. किती ते ठाऊक नाही, पण बराच वेळ थांबलो असेन. मग जे बोललो ते मी तिला कधीच सांगितले नव्हते.

मी तिला सांगितले, की एम्. ए. झाल्यावर नऊ वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. तासाला ठरलेले पैसे. तेही वर्षाअखेर हाती येत. उन्हाळ्याच्या सुटीत तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. तिचा जन्म झाला तेव्हा इस्पितळाचे बिल तिच्या आजोबांनी भरले होते. त्या दिवशी मी इस्पितळाच्या जिन्यात बसलो होतो, आणि मराठी घेतल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा पश्चात्ताप झाला होता. “वर्गात सांगतो ते खोटं नाही बाळ,” मी म्हणालो, “पण तुझी वेळ आली तेव्हा मला तो जिना आठवला.”

ती मध्ये एक शब्दही बोलली नाही. नंतर हळूच म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू ऐकत होतीस कुठं?”

“आणि तुम्ही?”

दोघांनाही हसू आले. मग पुष्कळ बोलणे झाले. नोकरीचे, पैशांचे, मराठीबरोबर आणखी काय शिकता येईल याचे. जिना तिच्या वाट्याला येणार नाही अशी खात्री मला कोणी दिली नाही. मीही मागितली नाही. भीती माझी होती. ती मी मुलीच्या अर्जात भरत होतो, एवढे मला उमगले.

अर्ज तिनेच भरला. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, ‘शाखा’ या चौकटीवर लक्ष ठेवून. तिने ‘कला’ निवडले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “पाठवण्यापूर्वी सगळं एकदा वाचून घे. नावातली वेलांटी तपास.”

आता दिवाळी आली आहे. मुलगी अकरावीच्या कला शाखेत आहे. सहामाहीत तिला मराठीत किती गुण पडले हे मी सांगणार नाही. पेपर तपासणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत आणि त्यांच्याशी माझे चांगले संबंध आहेत, ते तसेच राहावेत अशी माझी इच्छा आहे.

हल्ली घरोघर प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल असतो. प्रत्येकाची तार वेगळी, म्हणून टक्कर नाही. पण जेवायला एका ठिकाणी बसले की हवा सगळ्यांची एकच असते आणि तेथे तो जुना नियमच उपयोगी पडतो. फराळाच्या ताटाभोवती सगळे जमाल तेव्हा करून पाहा. टक्कर झालीच तर उलथने आणि कढई हाताशी असू द्या.

गच्चीवर आकाशकंदील लावून मी आताच खाली आलो. आतल्या खोलीत दिवा नाही, पण संगणकाच्या पाठीमागे तो हिरवा ठिपका स्थिर आहे. मी बसवलेला आहे तो. अर्धवट नाही, दोन्ही टोकांना सारखा जोर देऊन.